पंखाखालचा खळगा

मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा खळगाही मला दिसतो. हे चारचौघांत सांगितलं की लोक माझ्या चष्म्याचा नंबर विचारतात. मी बनवतो त्या विमानांच्या १/७२ मापाच्या प्लॅस्टिक मॉडेलांचं गणित त्यांना ठाऊक नसतं. मॉडेलवरचा ०.१ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे सात मिलिमीटर! एवढा खड्डा घेऊन कुठला वैमानिक उडेल? (आपण त्याहून मोठ्या खड्ड्यांतून रोज स्कूटर नेतो, तो विषय वेगळा.)

खळगा साच्यातच पडतो. प्लॅस्टिक जिथे जाड, तिथे ते सावकाश थंड होतं, आकसतं आणि वरचा पापुद्रा आत ओढून घेतं. त्यात पुट्टी भरावी, तर थिनर उडून गेल्यावर तीही आकसते. पुन्हा भरा, वाळू द्या, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, मग ६००, मग १०००. एवढं करून करडा प्राइमर मारला की बुजले म्हणून सोडून दिलेले सगळे खळगे हजर! प्राइमरइतकं खवचट मी आमच्या नातेवाइकांतही कुणी पाहिलेलं नाही.

‘एवढं गुळगुळीत करून मिळतं काय?’ असं घरचे विचारतात तेव्हा मी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची गोष्ट काढतो. घरात ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आता तुम्हाला सांगतो. स्पिटफायरचे रिव्हेट पत्र्याशी सपाट बसवत. काम वेळखाऊ. त्याऐवजी घुमटी डोक्याचे सोपे रिव्हेट मारले तर किती बिघडेल? हे बघायला इंग्रज इंजिनियरांनी सपाट रिव्हेटांवर चक्क वाटाण्याची डाळ चिकटवली. प्रत्येक रिव्हेटवर अर्धा वाटाणा! वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग थोडी थोडी डाळ खरवडत, पुन्हा पुन्हा विमान उडवत, कुठले रिव्हेट सपाटच हवेत हे ठरवलं. मला त्या डाळ चिकटवणाऱ्या माणसाची फार काळजी वाटते. संध्याकाळी बायकोने ‘आज काय केलंत?’ विचारल्यावर तो काय बोलला असेल? आणि जेवायला काय होतं?

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात मिग-२१ च्या पत्र्यांवर रिव्हेट मारायचे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झालं, तो सोहळा त्यांनी टीव्हीवर बघितला आणि गप्प बसले. मग माझं मिग मागून घेतलं. मोतीबिंदूमुळे बारीक काही दिसत नाहीच, नुसता पंखाखाली अंगठा फिरवला.

“इथं भरलंयस ना रे?”

“कळतं का, बाबा?”

“बोटाला कळतं.”

असा राग आला! माझी सगळी ऐट माझ्या डोळ्यांवर, आणि ती एका अंगठ्याने उतरवली. पण ज्या विमानात ते कधी बसले नाहीत, त्याचा पत्रा त्या अंगठ्याला अजून पाठ आहे. यावर भांडायचं तरी कुणाशी?

पाहुणे मात्र लांबूनच ‘छान आहे हो खेळणं’ म्हणतात. तुम्ही आलात तर कृपा करून विमान उलटं करून पोटही बघा. तिथलेही खळगे भरलेत.