मोटारसायकल बाळगणाऱ्यासाठी सात आवश्यक थापा

नवी मोटारसायकल घेतली की शोरूमवाला चावीबरोबर एक पुस्तिका देतो. चेन किती सैल असावी, टायरात हवा किती भरावी, ऑइल केव्हा बदलावे, हे सगळे तीत असते. पण गाडी घेण्याआधी वडिलांना काय सांगावे, चौकात हवालदाराला काय सांगावे, मागे बसलेल्या माणसाला काय सांगावे, याबद्दल तीत चकार शब्द नाही. वास्तविक मोटारसायकल पेट्रोलवर चालते त्याहून अधिक थापांवर चालते. होतकरू मालकांच्या सोयीसाठी अशा सात थापा वापरण्याच्या पद्धतीसह आणि दुष्परिणामांसह पुढे दिल्या आहेत.

थाप पहिली : "ऑफिसला सोयीची पडेल"

ही घरी, दसऱ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी, जेवणे उरकल्यावर सांगावी. सोयीची असते ती स्कूटर, हे आईला पक्के ठाऊक असते. स्कूटरच्या पायाशी भाजीची पिशवी मावते, सीटखाली रेनकोट मावतो. मोटारसायकलवर मालकाखेरीज फारसे काही मावत नाही. तेव्हा आईशी वाद न घालता वडिलांकडे वळावे. ते एकच प्रश्न विचारतील, "ॲव्हरेज किती?"

या प्रश्नाला इतिहास आहे. १९८५ साली आपल्याकडे शंभर सीसीच्या दोन मोटारसायकली आल्या. एक हिरो होंडाची सीडी १००. फोर-स्ट्रोक, आणि पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, असे जाहिरातीतच बजावणारी. दुसरी यामाहाची आरएक्स १००. टू-स्ट्रोक, अंगाने हलकी, ॲक्सिलरेटर पिळला की पुढचे चाक उचलू पाहणारी. तेव्हापासून मराठी घरात दोन पक्ष आहेत. वडील सीडी १०० चे, चिरंजीव आरएक्सचे. आरएक्सचे उत्पादन १९९६ साली थांबले, पण पक्ष फुटलेला नाही. म्हणून वडिलांना कंपनीचा आकडा सांगावा आणि मित्रांना त्याच्या निम्मा. घरात ॲव्हरेज जितके जास्त तितकी गाडी चांगली. कट्ट्यावर जितके कमी तितकी.

दुष्परिणाम : पुढची अनेक वर्षे खरोखरच त्या गाडीवरून ऑफिसला जावे लागते. जुलैतसुद्धा.

थाप दुसरी : "एका किकमध्ये सुरू होते"

ही जुनी गाडी विकणाऱ्याने सांगायची आणि घेणाऱ्याने मान डोलवायची. "सिंगल हँड वापर", "इंजिनला हात लावलेला नाही" आणि "डॉक्टरांची गाडी आहे" ही तिची भावंडे. जुन्या गाड्यांच्या बाजारात हिंडल्यावर महाराष्ट्रातले डॉक्टर दवाखाना केव्हा उघडतात असा प्रश्न पडतो. यावर उपाय सोपा आहे. गाडी बघायला न कळवता जावे आणि गप्पा मारता मारता इंजिनला हात लावून पाहावा. इंजिन गरम लागले तर एका किकची तयारी सकाळपासून चालू आहे असे समजावे.

जुन्या बुलेटच्या बाबतीत ही थाप अंगावर येऊ शकते. रॉयल एनफील्ड मूळची इंग्लंडची. १९५५ पासून ती मद्रासेत बनू लागली. तिकडची कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, इकडची चालू राहिली. या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ती सुरू करणे हा एक विधी आहे. आधी किल्ली फिरवावी. किक हळूहळू खाली दाबत न्यावी आणि नजर हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरच्या काट्यावर ठेवावी. काटा मध्यावर आला की थांबावे. डाव्या मुठीजवळचा डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक आणखी थोडी सरकवावी, खटका सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग सगळे वजन टाकून मारावी. यातली एक पायरी चुकली की किक उलटी येते आणि नडगीला किंवा घोट्याला लागते. तोपर्यंत आजूबाजूला चार माणसे जमलेली असतात. त्यांच्याकडे न पाहता "गार पडलीय जरा" असे म्हणावे.

थाप तिसरी : "हेल्मेट आत्ताच घरी राहिले, साहेब"

हिला पूरक कारणे केस गळतात, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही. ज्यांना थाप मारण्याचा कंटाळा आहे ते हेल्मेट टाकीवर ठेवून हिंडतात. पुण्यात थापेची पायरी ओलांडून लोक तत्त्वापर्यंत पोचले आहेत. जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीची मोहीम सुरू झाली तेव्हा तिच्या विरोधात पुणेकर रस्त्यावर उतरले होते. मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम १९८८ पासून आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबन आले, या गोष्टी तत्त्वापुढे किरकोळ होत.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी अपघातांचा अहवाल काढते. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. त्यांपैकी किती जणांचे हेल्मेट आत्ताच घरी राहिले होते, याचा रकाना अहवालात नाही.

घालायचेच ठरवले तर आयएसआय खुणेचे घ्यावे आणि पट्टा लावावा. बिनपट्ट्याचे हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचते.

थाप चौथी : "पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, उलटशील"

ही आपण मारायची नसते, वारशाने मिळते. शिकवणारे काका किंवा मामा पहिल्याच दिवशी ती देतात आणि शिष्य जन्मभर उजव्या पायावर विसंबून राहतो. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचा बराच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते. हलके चाक आवळले की ते रस्ता धरत नाही, नुसते घसटत जाते. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या ब्रेकचे. तो गचकन न दाबता दाब वाढवत न्यायचा, मागचा जोडीला घ्यायचा. बारीक खडी असेल किंवा गाडी वळणात कललेली असेल तेव्हा मात्र जपून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे चाक जाम होऊ नये ही काळजी यंत्राने घेतली. ब्रेक वेळेवर दाबण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.

आणि वेळ फार नसतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. कुत्रे दिसले, डोक्यात शिरले, बोटे ब्रेकवर गेली, एवढ्यात निदान एक सेकंद सरतो. साडेसोळा मीटर म्हणजे गल्लीतली तीन-चार घरे. काका तोपर्यंत मागेच राहिलेले असतात.

थाप पाचवी : "घट्ट धर, काही होत नाही"

मागे बसलेल्या माणसाकडे ब्रेक नसतो, हँडल नसते, पुढचे नीट दिसतही नाही. त्याच्याकडे फक्त तुमचा शब्द असतो. वरच्या ५०,०२९ माणसांपैकी १४,३३७ मागे बसलेली होती. म्हणून दुसरे हेल्मेट घेतल्याशिवाय ही थाप मारू नये. मागच्या चाकाला जाळी आणि बसणाऱ्याला धरायला कडी असावी असा नियम आहे. जाळीमुळे गाडी 'फॅमिलीवाली' दिसते म्हणून ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकण्याची प्रथा आहे. मग ओढणी चाकात जाते. ट्रिपल सीटच्या बाबतीत कायद्याने चर्चेला जागाच ठेवलेली नाही. मागे एकच माणूस, आणि तोही सीटवर.

थाप सहावी : "आवाजामुळे लोक बाजूला होतात"

सायलेन्सर बदलणाऱ्याने सांगायची. सायलेन्सरचे तोंड मागे असते, आणि ज्याने बाजूला व्हावे तो ट्रकवाला पुढे, काच वर करून, गाणी लावून बसलेला असतो. आवाज ऐकतात ते मागचे, ज्यांना तुम्ही आधीच ओलांडले आहे, आणि दुसऱ्या मजल्यावरची झोपलेली बाळे. अनेक शहरांत पोलीस असले सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. तेव्हाही बरीच माणसे जमतात. बाजूला कोणी होत नाही.

मधेच एक खरी गोष्ट

मोटारसायकल का घ्यावी याचे खरे उत्तर या थापांत नाही. ते सांगता येत नाही म्हणून तर थापा लागतात. ताम्हिणीत श्रावणात गाडी चालवताना डावे वळण आले की डावा हात हँडल किंचित पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे कलते. हे कोणी शिकवलेले नसते. नजर वळणाच्या टोकाला लावली की गाडी तिकडे जाते, खड्ड्याकडे लावली की खड्ड्यात. डिसेंबरच्या रात्री कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा वास येतो. नदीवरच्या पुलावर गुडघ्यांना गार लागते, पूल संपला की पुन्हा ऊब येते. मोटारीत काचेमागे बसून यातले काही कळत नाही. "गुडघ्यांना गार लागते, म्हणून दीड-दोन लाख हवेत," असे वडिलांना एकदा सांगून पाहावे.

पण त्याच डिसेंबरात, त्याच रस्त्यावर, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्याही असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस ट्रॉलीबाहेर हातभर आलेला. गुऱ्हाळाचा वास आणि ट्रॉलीचा ऊस, दोन्ही अंगापर्यंत येतात कारण मधे काहीच नसते. वास हवा आणि ऊस नको, असे मॉडेल कोणत्याही कंपनीने काढलेले नाही. तेव्हा रात्री हेडलाइटचा उजेड जिथवर पोचतो तिथवर थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

थाप सातवी : "इथल्या इथे तर जायचंय"

आतापर्यंतच्या सहा थापांना समोर कोणीतरी असते. वडील, गिऱ्हाईक, हवालदार, बायको. ते शंका घेतात, उलट विचारतात, कधी पावती फाडतात. सातवी आपण आपल्यालाच मारतो आणि ती लगेच पटते.

लेहला जायचे ठरले की माणूस तीन महिने तयारी करतो. जॅकेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, गुडघ्यांना गार्ड. चेन तपासतो, नवे टायर टाकतो. साडेसतरा हजार फुटांवर, खारदुंग ला येथे, त्याचा फोटो पाहिला तर फक्त दात ओळखू येतात. तोच माणूस परत आल्यावर रविवारी सकाळी हाफपँट आणि स्लिपर घालून, हँडलला पिशवी अडकवून, उघड्या डोक्याने दूध आणायला निघतो. कोपऱ्यावर पांढरे पट्टे न मारलेला नवा स्पीडब्रेकर असतो. मंडपवाल्याने खांब काढून खड्डा तसाच ठेवलेला असतो. संक्रांतीच्या आठवड्यात दोन खांबांच्या मधे, बरोबर गळ्याच्या उंचीवर, बंदी असलेला नायलॉन मांजा लोंबत असतो. डांबराने अंतर विचारलेले नसते. ते डेअरीपाशीही तितकेच कठीण असते.

म्हणून या मार्गदर्शकाची शिफारस अशी : पहिल्या सहांपैकी ज्या थापांनी फक्त आपली अब्रू जाते त्या खुशाल वापराव्या, ज्यांनी कातडी जाते त्या सोडाव्या, सातवी तर मनातल्या मनातही उच्चारू नये. दूध आणायला हेल्मेट, बूट आणि लावलेला पट्टा अशा थाटात गेल्यावर डेअरीवाला वरपासून खालपर्यंत पाहील आणि विचारेल, "काय भाऊ, लांब कुठे निघालात?"

"हो, लांबच," असे सांगावे. ही आठवी थाप. हिचा दुष्परिणाम अजून आढळलेला नाही.