वाटणीनंतरची उसनवारी

कोड लिहायच्या एडिटरांतही भावकी असते, हे ताडकळससारख्या गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दिवंगत ब्राम मोलेनार यांचा 'विम' 1991 चा. ब्राझीलच्या थियागो दे अरुदा यांनी त्यात मुख्य काम न अडवता मागे दुसरी कामं चालावीत म्हणून दुरुस्ती सुचवली. ती स्वीकारली गेली नाही. 2014 मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली, 'निओव्हिम'. मग शेजारच्या वावरात बोअरला पाणी लागलं की बांधाअलीकडे जे होतं, तेच झालं. 2016 च्या विम 8 मध्ये तशीच सोय अवतरली. 2018 च्या 8.1 मध्ये टर्मिनलही आलं, धाकट्याकडे ते आधीपासून होतंच. परवाना खुला, त्यामुळे ना मोजणी, ना तलाठ्याकडे फेरफार.

'ईमॅक्स' या दुसऱ्या एडिटरवाल्यांची आणखीच मजा. विमशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, आणि 'इव्हिल' नावाचं एक्स्टेन्शन टाकून बटणं मात्र विमचीच दाबायची! 'अ‍ॅटम' हा एडिटर 2022 च्या डिसेंबरात मिटला. त्याच्याच कर्त्यांनी काढलेला 'झेड' 2024 मध्ये खुला झाला. त्यातही विम मोड आहेच.

एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हा नवशिक्यांचा घोळ मात्र विम आणि निओव्हिम या दोन्ही भावांनी वडिलोपार्जित म्हणून जसाच्या तसा सांभाळलाय.