स्वस्तुतीची मर्यादा: ६५० शब्द

दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना समर्थांनी स्वतःची स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, या दोघांना एकाच ओवीत बसवले आहे. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांची प्रवेशपद्धत याच ओवीवर चालते, फक्त उलटी. पहिल्या लक्षणासाठी ६५० शब्दांचा निबंध, दुसऱ्यासाठी अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप. शिवाय दहा उपक्रम, प्रत्येकाचे वर्णन मोकळ्या जागा धरून १५० अक्षरांत. ‘आपला ढोल आपण बडवू नये’ हे ऐकत वाढलेल्या ठाण्या-पुण्याच्या मुलाला गणित अवघड जात नाही. त्याचे घोडे अडते ते इथे. निबंधात एखादे संकट असले तर उठून दिसते, असा सगळीकडे समज. आईबाबांनी सतरा वर्षे खपून ज्याच्यावर एकही संकट येऊ दिले नाही, त्याच्यासाठी तेच आता समुपदेशकाला पैसे मोजून संकट शोधायला लावतात. आजोबांच्या बायपासकडे घरात नव्या नजरेने पाहिले जाते. अकरावीतला मुलगा समाजसेवी संस्थेचा संस्थापक-अध्यक्ष होतो आणि त्याला सदस्य मिळत नाहीत, कारण वर्गातले बाकीचेही आपापल्या संस्थांचे अध्यक्षच असतात.

यावर उत्तर ठरलेले: नुसते गुण पाहिले तर राजस्थानातल्या कोटा शहरासारखी शिकवण्यांची शर्यत होईल, आम्ही अख्खा माणूस पाहतो. कोटाबद्दलचे म्हणणे खरे आहे आणि त्या शर्यतीची वकिली मला करायची नाही. पण अख्खा माणूस पाहण्याची ही हौस आली कुठून? १९२२च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाचवा हिस्सा ओलांडून गेले. परीक्षेत ती मुले मागे हटेनात, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांच्या काळात अर्जावर नवे प्रश्न आले. त्यातला एक असा, की जन्मापासून तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? ‘चारित्र्य’ नावाचा निकष त्याच दशकात बळावला. आज हेतू तो नाही, हे मान्य. पण चारित्र्य किती सहज विकत मिळते, हे २०१९मध्ये उघडकीस आलेल्या अमेरिकेतल्या प्रवेशघोटाळ्यात दिसले. कधी वल्हे न धरलेल्या मुलींना वल्हवण्याच्या यंत्रावर बसवून त्यांचे फोटो काढले गेले आणि त्या नौकापटू ठरल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी काही मोजकी विद्यापीठे परदेशी मुलाची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि मग लागेल तेवढी मदतही करतात. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांनी यावर अवश्य चिंतन करावे. तरीही त्या दारापर्यंत पोचायला आधी निबंधातली स्वतःची गोष्ट रचता यावी लागते आणि ती रचून घेण्याची ऐपत कुणीच मोजत नाही. हार्वर्डने २०२४च्या प्रवेशासाठी आलेल्या ५४,००८ अर्जांतून १,९३७ जण घेतले. नाकारलेल्यांपैकी हजारो जण घेतलेल्यांइतकेच लायक असणार, त्यांच्यात डावेउजवे करणे माणसाच्या आवाक्यातले नाही. मग पात्रतेची एक रेघ ठरवावी आणि तिच्यावरच्या सगळ्यांची म्हाडासारखी सरळ सोडत काढावी. नशिबावर सोडणे अपमानास्पद आहे, असे कुणी म्हणेल. पण म्हाडाचे घर न लागलेला माणूस घरी येऊन ‘माझ्या व्यक्तिमत्त्वात काय कमी पडले?’ असे विचारत बसत नाही; पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. मार्चअखेरीस नकार आलेली मुले मात्र नेमके तेच विचारत बसतात, कारण त्यांनी चिठ्ठीऐवजी स्वतःलाच पेटीत टाकलेले असते.

विद्यापीठे हे मनावर घेणार नाहीत. तोवर पालकांना एकच विनंती: मुलाच्या नावाने संस्था काढलीच असेल, तर निकालानंतर निदान वर्षभर तरी ती चालवा.