यात काय एवढं?

अंदमानला जाणाऱ्या प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये एक अप्पा असतात. टूर मॅनेजर कंपनी देते, अप्पा नशीब देतं. आमच्या वाट्याला आलेले अप्पा मूळचे गुहागरचे, हल्ली मुक्काम ऐरोली, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त. डोक्यावर टोपी, कमरेला पाउच, पाउचमध्ये आलेपाक आणि तोंडात एकच प्रश्न, "यात काय एवढं?"

अप्पा कंजूष नाहीत. पूर्ण पैसे भरून, वर खिडकीच्या सीटचे जादा देऊन हौसेने आलेले असतात. फक्त निसर्गाने आपल्याला गंडवू नये, याबाबतीत ते फार सावध असतात.

पहिला खटका राधानगर बीचवर उडाला. हॅवलॉकच्या, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपच्या, या किनाऱ्याला 'टाइम'ने 2004 साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. मॅनेजरने हे सांगितलं आणि अप्पांनी चष्मा वर केला. "ज्यांनी ठरवलं त्यांनी गुहागर बघितलंय का?" समोर पिठासारखी पांढरी वाळू, मागे आभाळाला भिडलेलं जंगल, आणि अप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे. "पाणी चांगलंय," ते म्हणाले. काकूंनी आमच्याकडे पाहून मान डोलावली. लग्नानंतर एवढी स्तुती त्यांनीही क्वचितच ऐकली असावी.

मग सूर्यच बुडायला लागला. अप्पांनी घड्याळ पाहिलं. पाचसुद्धा वाजले नव्हते. हे बेट इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच, त्यामुळे डिसेंबरात इथला सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून आधीच आटोपतो. अप्पांना हा सरळ सरळ तोटा वाटला. "म्हणजे चार ते सहा साइटसीइंग छापलंय त्यातला एक तास अंधारातच!" पहाटे पाचच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा तो तास तिकडून वसूल होतो, हे मॅनेजरने पटवायचा प्रयत्न केला. पण त्या वेळी अप्पा झोपलेले असतात.

नॉर्थ बेला जाताना त्यांनी वीस रुपयांची जुनी लालसर नोट काढली. तिच्या मागच्या बाजूचं नारळीचं चित्र इथलंच. सगळे पर्यटक नोट समोर धरून फोटो काढतात. अप्पांनीही काढला, नोट घडी करून ठेवली आणि शांतपणे नवी पोपटी नोट बाहेर काढली. तिच्यावर वेरूळ आहे. "शेवटी नेमणूक कोणाची झाली?"

एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग. लाइफ जॅकेट, मास्क आणि तोंडात नळी घालून अप्पा पाण्यात उतरले. खाली प्रवाळ, निळे-पिवळे मासे, जे काही असेल ते. वर काकू होडीत बसून म्हणाल्या, "बघा, तोंडात नळी आहे तोवरच शांतता." बाहेर आल्यावर अप्पा खरंच काही बोलले नाहीत. पण नळीत खारं पाणी गेलं होतं, त्यामुळे तो अभिप्राय धरता येत नाही.

बाराटांगचा दिवस सगळ्यात वाईट. मध्यरात्रीनंतर उठवून बसमध्ये कोंबतात, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्यानेच सोडतात. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. तरी मागच्या सीटवरचा एक तरुण मोबाइल सरसावून बसला होता. अप्पांनी हात लांबवून त्याच्या खिडकीचा पडदा ओढला. "लोक राहतात तिथे. उद्या आमच्या सोसायटीतून बस हळू करून कोणी आमच्या बाल्कनीत डोकावलं तर चालेल का?" त्या सबंध सहलीत अप्पांचं बोलणं मला पहिल्यांदाच कमी पडलं असं वाटलं. आणखी दोन शब्द चालले असते.

पण तिकडे पोहोचल्यावर गाडी मूळ पदावर आली. होडी खारफुटीच्या बोगद्यातून चुनखडीच्या गुहेकडे निघाली, तेव्हा "ही आमच्या ऐरोलीला फुकट दिसते". आणि मड व्होल्कॅनो! एवढ्या पहाटे उठून, जंगल ओलांडून, चढण चढून बघितलं काय, तर राखाडी चिखलाचं डबकं आणि त्यात अधूनमधून पिठल्यासारखा एखादा बुडबुडा. या एका बाबतीत अख्खा ग्रुप अप्पांच्या बाजूने होता.

सेल्युलर जेलमध्ये अप्पा तुलना करत नाहीत, दुरुस्ती करतात. 1896 ते 1906 हे बांधकाम, मूळ सात इमारती, आता तीन, हे गाइडने सांगायच्या आत अप्पांनी सांगितलं. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे केलं, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसू नये, हेही सांगितलं. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जाईतो शेजारचा गुजराती ग्रुप स्वतःचा गाइड सोडून आमच्यात आला. मराठी कळत नव्हतं, पण आवाज चांगला होता.

शेवटच्या दिवशी चॅथमची सॉ मिल. 1883 सालची सरकारी लाकूड गिरणी. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बचा खड्डा तिथे आहे, तो बघून दहा मिनिटांत निघायचं ठरलं होतं. आम्ही खड्डा बघितला, बसमध्ये बसलो, माणसं मोजली. अप्पा नाहीत. विमानाची वेळ होत आली, मॅनेजर घामाघूम. आत जाऊन पाहतो तर अप्पा लालभडक पडौकच्या ओंडक्यावर तळवा फिरवत उभे. करवतीचं पातं किती दिवसांनी बदलता, लाकूड किती महिने वाळवता, कातताना चिरतं का, घनफुटाला काय पडतं. उत्तरं देणारा कामगार बंगाली, अप्पांचं हिंदी माटुंग्याचं, पण दोघांचं झकास जमलं होतं.

मॅनेजरने काकूंना हात जोडले. "काकू, तुम्ही तरी बोलवा."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "दोन मिनिटं भाव काढू द्या हो त्यांना. नाहीतर आख्खं वर्षभर ऐरोलीत सांगत बसतील, अंदमानात बघण्यासारखं काही नाही."