निद्राशास्त्री नाना

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुखण्यांना तोटा नाही, पण दुखण्याला इभ्रत मिळवून दिली ती एकट्या नानांनी. पहिल्या मजल्यावर मधुमेह आहे, तिसऱ्यावर गुडघे आहेत. त्यांना कोणी विचारत नाही. नानांना झोप येत नाही, हे मात्र दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना पाठ. सकाळी फाटकाशी गाठ पडली की ते मनगट पुढे करतात. मुलाने बंगळुरूहून पाठवलेल्या घड्याळात आदल्या रात्रीचा हिशेब असतो. "गाढ झोप 39 मिनिटं!" पोरगं बोर्डात आल्यासारखे नाना सांगतात.

वास्तविक हेच नाना नोकरीत असताना फास्ट लोकलमध्ये कडीला लटकून ठाण्यापासून भायखळ्यापर्यंत उभ्याउभ्या घोरत. निवृत्ती आली, फंडाच्या पैशातून जाड गादी आली आणि झोप गेली. मग नाना अभ्यासाला लागले. जायफळ झालं, म्हशीचं दूध झालं, तळपायाला काशाची वाटी झाली. तिथून ते जे उठले ते थेट स्वित्झर्लंडला, बाझल शहरी पोचले. अर्थात मोबाइलवर, रात्री दोन वाजता.

"मोनिए आणि शोनेनबर्गर," नाना कानाच्या पाळ्यांना हात लावून गुरूंची नावं घेतात. "त्यांनी सशाच्या मेंदूत थॅलॅमसला विजेचे बारीक झटके देऊन त्याला झोपवलं. मेंदूतून परतणारं रक्त काढलं, गाळलं, आणि दुसऱ्या टक्क जाग्या सशाला टोचलं. तोही आडवा!" 1977 साली त्या रक्तातून नऊ अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी हाती लागली. गाढ झोपेत मेंदूत ज्या संथ डेल्टा लहरी उठतात त्यांवरून तिचं नाव पडलं डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड. नानांच्या तोंडी 'आपलं डीएसआयपी'. डोळे मिटून ते म्हणूनही दाखवतात: "ट्रिप्टोफॅन, अ‍ॅलनिन, ग्लायसिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक, अ‍ॅलनिन, सेरिन, ग्लायसिन, ग्लुटामिक." स्वर रामरक्षेचा.

"सशांची झोप कळली," आतून नानी म्हणतात, "माझी कधी कळायची? मध्यरात्री फटाफट दिवे लावतात!"

नानांना ऐकू येत नाही. ते उपयोगांवर आलेले असतात. "नुसती झोप नव्हे रे! दारू सोडणाऱ्याचा थरकाप, अफूवाल्याची तडफड, जुनाट दुखणी, सगळ्यांवर शिरेतून देऊन पाहिलंय त्या लोकांनी. ऐंशीच्या दशकात. गुण आला म्हणून लिहून ठेवलंय."

"मग नाना, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये का मिळत नाही?"

हा प्रश्न कोणी विचारला की नाना खुलतात. कारण खरी मौज पुढेच आहे. नीट तोलून केलेल्या चाचण्यांत झोपेचा फायदा जेमतेम निघाला. रक्तात ही साखळी काही मिनिटांत तुटते. शरीरात ती बनवणारं जनुक सापडलेलं नाही, तिला ओळखणारा रिसेप्टर सापडलेला नाही. ती झोपेसाठी खरोखर काही करते का, यावरही एकमत नाही.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," नानी चहा ठेवता ठेवता निकाल देतात.

नाना मात्र पेप्टाइडवर जास्तच माया करू लागले आहेत. झोपेच्या नावावर एवढी कीर्ती आणि झोपेचा पत्ता नाही, असं जगात दुसरं कोण भेटणार त्यांना?

मध्यंतरी त्यांना इंटरनेटवर याच्या कुप्या विकायला दिसल्या. वर स्पष्ट छापलेलं: केवळ संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. "मग बरोबर आहे," नाना म्हणाले, "मी संशोधनच करतोय." नानींनी कार्ड लपवलं. भाच्याला फोन गेला. तो औषध कंपनीत आहे. "मामा, त्या कुपीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही," एवढं बोलून त्याने विषय बदलला.

शेवटी नानी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज ठरल्या वेळी उठा, डोळे जड झाल्याशिवाय पलंगावर जाऊ नका, दुपारची दोन तासांची वामकुक्षी बंद, जेवणानंतरचा चहा बंद, अंथरुणात मोबाइल बंद. निद्रानाशावर जगभर आधी हेच सांगतात आणि त्याला चाचण्यांचा भक्कम आधार आहे. नाना फार नाराज झाले. "यात काय विज्ञान?" ते मला म्हणाले. "एक ससासुद्धा नाही!"

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सगळ्या भागातली वीज गेली. वायफाय बंद, मोबाइल आधीच मेलेला, गॅसचं लायटर अंधारात सापडेना म्हणून चहाही नाही. करायला काहीच उरलं नाही, तेव्हा नाना झोपले. सकाळी घड्याळाने 7 तास 40 मिनिटं दाखवली. नानींनी शेजारी साखर वाटली. नाना दिवसभर घराबाहेर पडले नाहीत.

संध्याकाळी मी गेलो तर ते ओशाळून खिडकीशी बसलेले. "पाणी शिरलंय रे त्यात," घड्याळ काढून ठेवत ते हळूच म्हणाले. "सोसायटीत उगाच बोलू नकोस."

त्या रात्री अडीच वाजेपर्यंत जागून नानांनी घड्याळाच्या कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली.