फोटो हटवली

ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरात माझे काका राहतात. गिरणीच्या हिशेबखात्यात नोकरी केली, गिरणी बंद पडली, काका तिथेच राहिले. सध्या घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर उतरवण्याचं काम चाललंय. जुने फोटो स्कॅन करायचे, शाखेप्रमाणे लावायचे, दुबार आलेले काढून टाकायचे. त्यासाठी भाच्याने एक सॉफ्टवेअर घालून दिलं आणि आवर्जून त्याची भाषा मराठी करून दिली.

परवा गेलो तर काकांनी मला खुर्चीत बसवलं. ‘‘बघ हं,’’ म्हणाले आणि एक दुबार फोटो काढून टाकला. पडद्यावर ओळ उमटली: ‘फोटो हटवली’. मग ध्वनिफितीचा आवाज बंद केला. ओळ आली: ‘आवाज बंद केली’.

‘‘फोटो ‘ती’ कधीपासून झाली रे?’’

उत्तर काकांनाच ठाऊक होतं. फोटो आणि आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. बिर्ला नगरात दाराबाहेर ‘फोटो अच्छी आई है’ म्हणायचं आणि उंबरठा ओलांडला की ‘फोटो छान आलाय’, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. म्हणून पुण्यातल्या माणसाला जे नुसतं कानाला खटकलं असतं, त्याचं मूळ काकांना लगेच सापडलं. ही मराठी इंग्रजीवरून केलेली नाही, हिंदीवरून केलेली आहे. वर मराठीचा प्रत्यय लावला, इतकंच.

पुढे तर कहर. कचरापेटीखाली लिहिलंय ‘खाली करा’. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. मराठी माणूस ती पेटी खाली ओढत बसणार. आणि प्रत्येक फोटोच्या तपशिलात ‘शेवटचे संशोधन’ अशी तारीख. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, फेरफार. काका खरोखरच घराण्याचं संशोधन करताहेत, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांना वाटलं, यंत्र आपल्या कामाची नोंद ठेवतंय!

मला याचा राग येतो. लिपी एक म्हणून भाषा एक, असं धरून चालणाऱ्यांनी मराठीचं काम हातात घेऊच नये.

यात अनुवादकाचीही कोंडी असते, तीही सांगायला हवी. त्याच्यापुढे पडदा नसतो, वाक्यांची यादी असते. डावीकडे इंग्रजी ओळ, उजवीकडे रिकामा रकाना. इंग्रजीत ‘अमुक हटवलं’ असं एकच वाक्य पुरतं. ‘अमुक’च्या जागी एक खूण असते आणि तिथे फोटो, फाइल, चित्र काहीही येऊन बसतं. मराठीत मात्र फोटो हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं. तीन लिंगं, तीन क्रियापदं, रकाना एकच. अनुवादक कितीही चांगला असला तरी तीनातला एकच प्रकार बरोबर येणार. एकवचन-अनेकवचनाची सोय जुन्या ‘गेटटेक्स्ट’ पद्धतीतही आहे, लिंगाची नाही. मोझिलाने 2019 मध्ये पक्की केलेली ‘फ्लुएंट’ पद्धत वाक्याचे असे वेगळे पर्याय ठेवू देते. तेही नको असेल तर निर्मात्याने प्रत्येक वस्तूसाठी वेगळं वाक्य लिहावं. थोडे कष्ट पडतात, पण जमतं.

शब्दांचंही तसंच. मेनूत वारंवार येणारे शब्द भाषेच्या जाणकारांनी आणि अनुवादकांनी एकत्र बसून ठरवावेत, यासाठी रेड हॅटच्या पुढाकाराने 2008 मध्ये ‘फ्युएल’ हा उपक्रम सुरू झाला. वाट अशी कुणीतरी पाडून ठेवलेली असताना हिंदीची फाइल समोर ठेवून मराठी उरकणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरी गोष्ट ग्वाल्हेरची. इथे दुकानदार नवा संगणक देताना हिंदी घालून देतो. कारण विचारलं तर म्हणतो, ‘‘भाईसाहब, यहाँ तो हिंदी ही चलती है।’’ त्याचं एक वेळ समजू शकतो. पण संगणकाच्या आत मराठीची खूण काय असते? भाषेसाठी ‘एमआर’, देशासाठी ‘आयएन’. मराठी, भारत. त्यात महाराष्ट्र कुठेच नाही. शिंद्यांबरोबर मराठी ग्वाल्हेरला आली, संस्थान जाऊन मध्य भारत झाला, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, तरी घराघरात ती टिकली. मेनूतल्या मराठीवर या घरांचा हक्क दादर-डेक्कनइतकाच आहे.

खरं तर थोडा जास्तच. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथली मराठी माणसं रोज दोन भाषांच्या सीमेवर उभी असतात. कुठला शब्द कुठून आत शिरला हे त्यांना चटकन कळतं. मराठी आवृत्ती बाजारात आणण्यापूर्वी ती यांच्यापुढे ठेवा. परिभाषेचे कोश चाळणारे तज्ज्ञ हवेतच, पण पडद्यासमोर बसून एकेक बटण दाबून बघणारा असा एक काकाही हवा.

त्या सॉफ्टवेअरमध्ये चूक कळवायला एक चौकोन आहे. त्यावरच्या सूचना फक्त इंग्रजीत आहेत. काकांनी त्यात मराठीत लिहायला घेतलंय. आधी वहीत कच्चा खर्डा केला, गिरणीतल्या खतावणीसारखा: डावीकडे पडद्यावरची ओळ, उजवीकडे हवी ती ओळ, शेवटच्या रकान्यात कारण. मी निघालो तेव्हा तिसरं पान चालू होतं. पहिली नोंद मी वाचली: ‘फोटो. पुल्लिंग. हटवला.’