काचेगुड्याचा पाच वॅटी

गिटारचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प म्हणजे बाहेरून लाकडाचे खोके आणि आत काचेचे दोन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर आणि एक आठ इंची स्पीकर. पहिला व्हॉल्व्ह गिटारच्या पिकअपमधून आलेला मुंगीएवढा सिग्नल फुगवतो, दुसरा त्याला स्पीकरचा कागद हलवण्याइतका जोर देतो. हा जोर 5 वॅटचा. घरोघरी रात्रभर जळणारा जुना झीरोचा दिवा प्रत्यक्षात 15 वॅटच्या आसपास वीज खात असे. म्हणजे या यंत्राची कर्तबगारी झीरोच्याही एक तृतीयांश भरते. त्याची उपेक्षा इथूनच सुरू होते.

मराठी मुलखात आवाज वॅटवर मोजतात आणि वॅट हजारात. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडतानाच यंदा किती हजारांचा साउंड आहे ते सांगितले जाते. अशा वातावरणात वाढलेल्या गिऱ्हाइकाला 5 हा आकडा दिसला की त्याला वाटते मागची तीन शून्ये छापायची राहिली. कानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. वॅट दहापट केले की आवाज साधारण दुप्पट वाटतो. 50 वॅटचा अ‍ॅम्प उचलताना कंबर धरते, ऐकताना मात्र तो 5 वॅटच्या दुप्पटच भरतो. बारा इंची चांगला स्पीकर जोडला तर 5 वॅट मीटरभर अंतरावर शंभर डेसिबल ओलांडतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला जिना चढायला लावण्यास एवढे पुरे.

व्हॉल्व्हची खरी गोडी तो दमला की लागते. क्षमतेच्या टोकाला गेला की त्याचा स्वर किंचित फाटतो, जाडसर होतो, गाणाऱ्याच्या घशाला खर यावी तसा. 50 वॅटचा अ‍ॅम्प त्या टोकाला पोचेपर्यंत दारात पोलीस आलेले असतात. 5 वॅटचा त्याआधीच पोचतो. फेंडर कंपनीचा चॅम्प हा याच जातीचा अ‍ॅम्प 1948 पासून 1982 पर्यंत बनत राहिला. मुळात तो शिकाऊ पोरांसाठी होता. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 1970 साली ‘लैला’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात तोच वापरला आणि मग शिकाऊ पोरांना तो परवडेनासा झाला.

ही प्रतिष्ठा धाकट्या भावंडांना मिळाली नाही. त्यांतले सर्वांत उपेक्षित म्हणजे 2005 साली निघालेला एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर. ईसीसी 83 जातीचा एक व्हॉल्व्ह, ईएल 84 हा दुसरा, आणि समोरच्या पट्टीवर फिरवायचे बटण एकच, आवाज कमी-जास्त करण्याचे. बास नाही, ट्रेबल नाही, एको नाही. एको नसलेले यंत्र ऑर्केस्ट्रा पाहून वाढलेल्या पिढीला अर्धवट वाटते. पहिल्या खेपेच्या नगांना घूं असा आवाज येई, कारण व्हॉल्व्हची तार तापवायला एसी करंट दिलेला होता. पुढे कंपनीने तो डीसी केला आणि घूं गेली, पण तोवर नाव खराब झाले होते. मालही थोड्याच वर्षांत बंद पडला. चांगली वस्तू स्वस्तात मिळण्यासाठी लागणारे सगळे योग असे एकाच पेटीत जमलेले आहेत.

असा अ‍ॅम्प हैदराबादेत सापडण्याचे कारण अमेरिका हे आहे. शहरातल्या बऱ्याच घरांतला एक मुलगा तिकडे शिकायला जातो. पहिल्या वर्षी त्याला गिटारची हौस येते, दुसऱ्या वर्षी नोकरी लागते, तिसऱ्या वर्षी तो सुटीवर येताना हौस बॅगेत भरून घरी आणून ठेवतो आणि मोकळा परत जातो. पुढे घराला रंग काढला की जाहिरात लागते. जाहिरातीत ‘गिटारचा स्पीकर, लाइट लागतो’ एवढेच लिहिलेले असते. फोटो मागच्या बाजूने काढलेला असला तर घाई करावी. पुढून काढलेला असला तर बटण एकच असल्याचे दिसते आणि दुसरे कोणी फिरकत नाही, तेव्हा सावकाश गेले तरी चालते.

अशा जाहिरातीमागे जाण्याचे ठिकाण काचीगुडा, हैदराबादच्या मध्यातली जुनी वस्ती. रेल्वे त्याला इंग्रजीत काचेगुडा म्हणते, त्यामुळे मराठी कानाला ते काचेचे गाव वाटते. काचेचे व्हॉल्व्ह आणायला काचेगुड्याला जाणे हा योग बोलून दाखवण्याचा मोह प्रत्येक प्रवाशाला होतो. त्याला दाद मिळत नाही. गुडा म्हणजे तेलुगूत वस्ती, आणि काची ही इथे उत्तरेकडून येऊन वसलेली एक जमात. काचेचा संबंध नाही.

मराठवाड्याला हे स्टेशन परके नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोर्ट, कचेरी, उस्मानिया विद्यापीठ, सगळ्यासाठी परभणी-नांदेडचा माणूस मनमाड-काचीगुडा मीटरगेजने येई आणि इथेच उतरे. सुलतान बाजार आणि इसामिया बाजार पायी जाण्याजोगे जवळ. मराठी शाळा, मराठी वाचनालय, मराठी साहित्य परिषद, सगळे त्याच पट्ट्यात. तेव्हाचे विद्यार्थी वळकटी आणि तुपाचा डबा घेऊन उतरत. आता उतरणाऱ्याच्या पाठीवर गिटार असते, कारण अ‍ॅम्प तपासायला गिटार आपलीच न्यावी लागते. विकणाऱ्याकडची गिटार विकून झालेली असते किंवा तिला दोन तारा असतात.

गिटार घेऊन रात्रीच्या गाडीने जाणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. जालना सोडेपर्यंत डब्यात कोणी विचारत नाही. परभणीला पहिली फर्माईश होते. विजेची गिटार अ‍ॅम्पवाचून डासाइतकीच वाजते हे समजावून सांगता सांगता पूर्णा येते, आणि समोरच्या काकूंना खात्री पटते की पोराला वाजवता येत नाही, म्हणून कारणे सांगतो आहे. “राहू दे बाळा, झोप आता,” असे त्या म्हणतात. बासर, निजामाबाद, कामारेड्डी झोपेत जातात.

काचीगुड्याची इमारत 1916 सालची, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतली. निजामाच्या रेल्वेचे मुख्यालय इथे होते. मधला घुमट, बाजूचे घुमट आणि मिनार पाहता हे तिकीट काढायचे ठिकाण असेल असे वाटत नाही. प्रवासी खाली उतरून मान वर करतो आणि तेवढ्यात त्याला तीन रिक्षावाले वाटून घेतात. पत्ता टॉकीजच्या नावाने सांगायची रीत आहे. टॉकीज पडून तिथे दुसरेच काही उभे राहिले तरी पत्ता बदलत नाही. जाहिरातीतल्या पत्त्याचा खरा अर्थ ‘चौरस्त्यावर येऊन फोन करा’ इतकाच असतो. फोन केल्यावर ‘तिथंच थांबा, माणूस पाठवतो’ असे उत्तर येते. माणूस पोचेपर्यंत इराणी हॉटेलातला पौना चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटे संपतात. फार गोड आवडत असेल तर खडा चमचा मागावा, म्हणजे साखरेत चमचा उभा राहील असा चहा. अ‍ॅम्प तपासायला जाण्यापूर्वी मात्र हा घेऊ नये, हात थरथरतात.

घर मराठी निघाले तर तपासणीला दीड तास लागतो, एरवी चाळीस मिनिटे. जास्तीचा वेळ गाव कोणते, आडनाव कोणते आणि परभणीतल्या अमुक वकिलांचे तुम्ही कोण यात जातो. संबंध सापडला तर भाव करता येत नाही, हे ध्यानात ठेवून गाव जरा मोघम सांगावे.

अ‍ॅम्प बहुधा कोपऱ्यात असतो आणि त्याच्यावर काहीतरी ठेवलेले असते. सपाट माथ्याची, गुडघ्याइतकी उंच वस्तू हैदराबादच्या घरात रिकामी राहू शकत नाही. आवकायच्या लोणच्याची बरणी हटवली जाते. खाली तेलाचा गोल डाग असतो, बरणीच्या बुडाएवढा, कडेला मोहरीचा एक दाणा कायमचा रुतलेला. पुढच्या पट्टीवर एकुलत्या एका बटणाच्या डोक्यावर हळद आणि कुंकू. खंडेनवमीला स्कूटर, मिक्सर आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत त्याची पूजा झालेली असते. पूजा दरवर्षी, वापर नाही. ही लक्षणे उत्तम समजावीत, कारण न वाजवलेल्या अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह झिजत नाहीत.

“चालू आहे ना?” या प्रश्नाला “परसों तर चालू होता” हे उत्तर मिळते. हैदराबादी परसों आणि मराठी परवा यांत गफलत करू नये. परसों म्हणजे आजच्या आधीचा कोणताही दिवस. तो गेल्या मंगळवारी येतो, तसाच मुलगा अमेरिकेहून आला त्या वर्षीही येतो.

पहिली नजर पाठीमागच्या छापील पट्टीवर टाकावी. तिथे 120 व्होल्ट लिहिले असेल तर पिन हातातच ठेवावी. अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. सरळ जोडला तर अ‍ॅम्प त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आवाज एकदाच करतो. घरातल्यांनी तो स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवला असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर कुठे आहे हे विचारावे. तो पाण्याच्या फिल्टरखाली असतो.

अ‍ॅम्प चालू केल्यावर काही होत नाही. हे बरोबर आहे. व्हॉल्व्हची तार तापायला वीस-तीस सेकंद लागतात. मोबाइलवर वाढलेल्या माणसाला वीस सेकंद म्हणजे बिघाड, म्हणून घरातला धाकटा पुढे होऊन अ‍ॅम्पला थापट मारतो. जुना टीव्ही असाच चालू होई. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसू लागतो आणि धुळीचा व जुन्या उदबत्तीचा मिळून एक वास सुटतो. वास एवढाच असावा. वार्निश जळल्याचा आला तर ट्रान्सफॉर्मर गेला, चहाचे आभार मानून उठावे. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल दिसला तरी उठावे.

आता पेन्सिल काढावी आणि मागच्या टोकाने पहिल्या व्हॉल्व्हला हळूच टिचकी द्यावी. स्पीकरमधून मंद टक् आले तर ठीक. मंदिरातल्या घंटेसारखे घणघणले तर व्हॉल्व्ह थकला. तो बदलता येतो, तेवढे पैसे कमी करून घ्यावेत. घरातली आजी या प्रसंगी हमखास म्हणते, “आमच्या रेडिओला पण ह्यांनी अशीच टिचकी मारायची.” ती बरोबर सांगत असते. ईएल 84 हा व्हॉल्व्ह आपल्याकडच्या जुन्या रेडिओंमध्ये आवाज काढण्याच्या कामावर सर्रास असे आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तो बनतही असे. बिनाका गीतमाला ऐकवणारा आणि लैलाच्या नादी लागलेल्या पोराला पोसणारा व्हॉल्व्ह एकच. रेडिओ दुरुस्तीवाल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या खणात अजून नवा कोरा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा नग सापडतो, आणि परदेशातले शौकीन त्याच्यासाठी जीव टाकतात.

बटण फिरवताना खरखर झाली तर ती फक्त धूळ. स्प्रेने जाते, पण हे विकणाऱ्याला लगेच सांगू नये. मग गिटार जोडून एक साधा ए मेजर वाजवावा. बटण घड्याळातल्या नऊच्या जागी असताना स्वर स्वच्छ, बारावर कडा येते, पूर्ण फिरवले की ती खर. खिडकीची काच थरथरते, बरणीचे झाकण वाजते, शेजारच्या गच्चीवरून कोणी डोकावते. विकणाऱ्या काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच शंका उमटते: आपण चुकीची वस्तू तर विकत नाही ना? हा क्षण धोक्याचा. बटण ताबडतोब शून्यावर आणावे आणि तोंड वाईट करावे.

भाव करताना हैदराबादची दखनी बोली कामी येते. तिच्यातला नक्को हा आपलाच नको असल्याने मराठी माणूस तो पूर्ण श्रद्धेने उच्चारू शकतो. विकणाऱ्याची बाजू भावनेची असते: मुलाने कौतुकाने आणला होता. गिऱ्हाइकाची बाजू बटणांची: एकच आहे. शेवटी एकच बटण जिंकते. सांगितलेल्या किमतीच्या दोन तृतीयांशावर सौदा होतो आणि ट्रान्सफॉर्मर, एक तुटकी वायर व आवकायची छोटी बाटली वर मिळते. बाटली नाकारू नये.

परतीच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह थंड झाल्यावर सरळ ओढून काढावेत आणि मोज्यांत गुंडाळावेत. मोजे धुतलेले असावेत हे सांगण्याची वेळ आलेली आहे. खोके स्वतः आठ-नऊ किलोंचे, पण कडा अशा की मांडीवर ते वीस किलोंचे होते. डब्यात ते मिक्सर, ओव्हन आणि एकदा तरी अस्थिकलश समजले जाते. स्पीकर आहे म्हटले की लगेच “किती वॅट?” आणि पाच ऐकून सगळा डबा हळहळतो. पूर्णेपर्यंत लोक फसवणुकीच्या गोष्टी सांगून प्रवाशाचे सांत्वन करतात.

घरी आल्यावर आतली पट्टी उघडायची हौस असेल तर ती जाणकारावर सोपवावी. आतले कंडेन्सर अ‍ॅम्प बंद झाल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपासचा साठा काही वेळ धरून असतात. माणूस परसोंचे विसरला तरी कंडेन्सर विसरत नाही. फुगलेला कंडेन्सर बदलणे, सुटलेल्या सांध्याला डाग देणे आणि तीन पिनांचे अर्थिंग करणे एवढ्यात बहुतेक घूं थांबते. स्पीकरची वायर सुटलेली असताना अ‍ॅम्प कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो त्या अ‍ॅम्पचा सर्वांत महाग अवयव आहे. हळद-कुंकू ओल्या फडक्याने जाते. आवकायच्या तेलाचा डाग जात नाही.